दुसऱ्या पाळीचा माणूस

बेळगावात उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही बऱ्या मशीन शॉपमध्ये जा. सीएनसीच्या, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर धातू कापणाऱ्या यंत्राच्या, पॅनेलला एक कागद लटकवलेला असतो. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला, तरी कूलंट आणि तेलाने पिवळा पडलेला. त्याला सेटिंग शीट म्हणतात. प्रोग्रॅम नंबर, टरेटच्या (टूलं धरणाऱ्या फिरत्या चक्राच्या) कुठल्या घरात कुठलं टूल, जी ५४ चं शून्य (मापं जिथून मोजायची ती जागा) जॉबच्या कुठल्या तोंडावर धरायचं, आणि पेनाने काढलेलं एक स्केच. एवढंच. पहिल्या पाळीचा ऑपरेटर डबा उचलून घरी जातो, दुसऱ्या पाळीचा येतो, कागद बघतो आणि जॉब लावतो. दोघांची भाषा एक असेलच असं नाही. एक येळ्ळूरचा मराठी, दुसरा बैलहोंगलकडचा कन्नड, आणि हल्ली तिसरा बिहारचाही असतो. दुसऱ्या पाळीच्या माणसाला पहिल्याला फोन लावावा लागला, तर सुपरवायझर शीट लिहिणाऱ्याला झाडतो.

ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वाचता-बदलता येतो अशा, सॉफ्टवेअरमध्ये रीत उलटी आहे. तिथे फोन करणारा शिव्या खातो. पॅकेज बिल्ड होत नाही, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बांधला जात नाही, म्हणून विचारायला गेलात की पहिलं उत्तर येतं, ‘रीडमी (सोबतची माहितीची फाइल) वाचली का?’ वाचलेली असते. दोनदा वाचलेली असते. पण ती लिहिणाऱ्याने स्वतःच्या पाळीसाठी लिहिलेली असते.

मी मशीनवाला नाही. टिळकवाडीत बसून परगावची सॉफ्टवेअरची कामं करतो, आणि इंजिनिअरिंगची काही पोरं शनिवारी माझ्याकडे शिकायला येतात. गेल्या पावसाळ्यात शहापूरच्या एका छापखान्याचे मालक आले. लग्नपत्रिका छापतात, मराठी आणि कन्नड दोन्ही, कधी एकाच पत्रिकेत दोन्ही, कारण मुलगी धारवाडची आणि मुलगा वडगावचा. त्यांच्याकडे वीस वर्षांच्या फाइली होत्या.

“सर, जुन्या पार्ट्या परत येतात की. थोरल्याची पत्रिका आम्हीच छापलेली, आता धाकट्याची आली. आमंत्रणात नावं तीच, फक्त नवरा-नवरी आणि तारीख बदलायची. पण फाइल उघडली की सगळा कचरा दिसतोय.”

कचरा नव्हता तो. युनिकोडच्या (सगळ्या लिपींच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणाऱ्या मानकाच्या) आधीच्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर होता. त्या काळच्या फॉन्टांत अक्षरं इंग्रजीच्या जागांवर बसवलेली असायची. फॉन्ट गेला की मागे उरतात ती इंग्रजी चिन्हं. वरून आणखी एक गंमत. पत्रिकेवरच्या ‘चि.’ या अक्षराचं बघा. डोळ्याला ऱ्हस्व वेलांटी ‘च’च्या आधी दिसते, म्हणून जुन्या फॉन्टात ती आधी टाइप केलेली असते. युनिकोडात ‘च’ आधी आणि वेलांटी नंतर साठवतात; पुढे काढून दाखवण्याचं काम अक्षरं रेखाटणाऱ्या सॉफ्टवेअरचं. रफाराचं याच्या बरोबर उलट. तेव्हा नुसती अक्षरं बदलून भागत नाही, त्यांचा क्रमही लावावा लागतो. हे काम करणारं एक छोटं ओपन सोर्स पॅकेज आम्हाला सापडलं. नाव सांगत नाही, कारण लिहिणारा माणूस भला आहे, आणि असली पॅकेजं पैशाला पासरी आहेत.

माझ्याकडे येणारी खानापूरची एक मुलगी ते बिल्ड करायला बसली. रीडमीत लिहिलं होतं, नेहमीच्या डिपेंडन्सी (या पॅकेजला लागणारी इतर पॅकेजं) बसवा आणि नेहमीप्रमाणे बिल्ड करा. नेहमीच्या म्हणजे कुणाच्या? फोल्डरमध्ये बिल्ड करायच्या तीन वाटा होत्या. एक जुनी कॉन्फिगर स्क्रिप्ट, एक सीमेकची फाइल, आणि एक हाताने लिहिलेली मेकफाइल. कुठली खरी, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. कॉन्फिगरला मदत मागितली तर साठेक पर्याय छापून आले. तिने निमूटपणे पहिली वाट धरली. थोड्या वेळाने म्हणाली, “सर, परत तेच मागूलालंय बघा. आयसीयू नाही म्हणतंय. मी तर बसवलंय की.”

आयसीयू म्हणजे युनिकोडचा मजकूर हाताळणारी लायब्ररी. ती बसवलेली होतीच. पण उबंटू आणि डेबियनमध्ये लायब्ररी एका पॅकेजात असते आणि तिच्यावर नवीन प्रोग्रॅम बांधायला लागणाऱ्या हेडर फाइली दुसऱ्या, ‘डेव्ह’ शेपटीच्या पॅकेजात. ज्याला हे माहीत आहे त्याला ते सांगण्यासारखं वाटत नाही; ज्याला माहीत नाही त्याचा शनिवार जातो. तिचा गेला. मी मुद्दाम सांगितलं नाही, कारण मला बघायचं होतं की त्या फोल्डरमधला एखादा कागद तिला ते सांगतो का. सांगितलं नाही. (हे थोडं क्रूर होतं, कबूल. नंतर कुंदा आणून दिला.)

आता अशा ठिकाणी बहुतेक लोक म्हणतात की डॉक्युमेंटेशन सुधारायला हवं. माझा मुद्दा निराळा आहे. आधी बिल्ड कमी करायला हवं. डॉक्युमेंटेशन त्यानंतर आपोआप आखूड होतं. तीन वाटा असलेल्या पॅकेजला तुम्ही कितीही सुंदर माहितीपुस्तिका लिहा, तुम्ही तीन वाटांचं वर्णनच करणार. वाचणाऱ्याचा प्रश्न ‘कुठली?’ हा असतो, आणि तो निर्णय लिहिणाऱ्याने घेतलेला नसतो. इन्स्टॉलेशनच्या पानावरचं ‘जर तुम्ही असे असाल तर, नसाल तर’ हे प्रत्येक वाक्य म्हणजे कोणीतरी न घेतलेला एक निर्णय असतो, आणि तो सगळ्यात कमी माहिती असलेल्या माणसाच्या अंगावर टाकलेला असतो.

हे असं का होतं, याला इतिहास आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय जुन्या लोकांना नावं ठेवू नयेत. मेक हा मेकफाइल वाचून बिल्ड करणारा प्रोग्रॅम स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्जमध्ये १९७६ साली लिहिला. त्यात आज्ञेच्या ओळीची सुरुवात टॅबनेच व्हावी लागते, स्पेस चालत नाही. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे गेली जवळपास पन्नास वर्षं नवशिके त्यावर ठेचकाळतायत. फेल्डमन यांना ही अडचण काही आठवड्यांतच कळली होती, पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते आणि त्यांच्या फाइली मोडायला नकोत म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली. डझनभर! त्या डझनभरांची सोय राखण्याची किंमत पुढच्या लाखोंनी मोजली. प्रत्येक गुंतागुंतीच्या बिल्डच्या तळाशी असा एखादा सज्जनपणा सापडतो.

कॉन्फिगर स्क्रिप्टचंही तेच. १९९१ साली डेव्हिड मॅकेंझी यांनी ऑटोकॉन्फ, म्हणजे कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करून देणारं साधन, लिहिलं तेव्हा युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टमच्या डझनावारी जाती होत्या, सनची एक, एचपीची एक, आयबीएमची एक, आणि प्रत्येकीची खोड वेगळी. त्यामुळे आधी मशीनला शंभर प्रश्न विचारायचे, मग बांधायचं, ही पद्धत त्या दिवसांत शहाणपणाची होती. आज त्यातल्या बहुतेक मशीन संग्रहालयात आहेत. तरी कॉन्फिगर चालवलं की ती स्क्रिप्ट अजून विचारते, तुमच्याकडे स्ट्रिंग डॉट एच आहे का? ती फाइल सी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या १९८९ च्या मानकातच आहे. म्हणजे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ‘तुमच्या गावात वीज आली का’ असं विचारण्यासारखं. आणि त्या पॅकेजांसोबत इन्स्टॉल नावाची जी फाइल येते ती तर सगळ्यांकडे एकच असते, ऑटोकॉन्फसोबत आलेली, शेकडो ओळींची. तुमच्या पॅकेजाबद्दल तिच्यात एक अक्षर नसतं.

‘असेना का, जुनी आहे, चालते आहे, कशाला हात लावा’ हा युक्तिवाद मीही बरीच वर्षं करत होतो. २०२४ च्या मार्चमध्ये तो सोडला. एक्सझेड नावाचं फाइली दाबून लहान करणारं पॅकेज आहे. लिनक्सच्या जवळपास सगळ्या वितरणांत ते असतं. अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरला आपल्या मशीनवर एसएसएच लॉगिनला (दुरून मशीनमध्ये शिरायला) साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. तो मागे लागला आणि २९ मार्चला त्याने जाहीर केलं की ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये मागचं दार बसवलेलं आहे. दार बसवणारा ‘जिया टॅन’ या नावाने दोनेक वर्षं मदत करत करत सह-देखभालकर्ता झाला होता. मूळचा देखभालकर्ता एकटा, दमलेला.

पण मला इथे सांगायचं आहे ते दार कुठे लपवलं होतं त्याबद्दल. सगळ्यांना वाचता येईल अशा सोर्स कोडमध्ये ते नव्हतं. विषारी माल चाचणीच्या फाइलींमध्ये दडवला होता, आणि तो बाहेर काढून जोडणारी ओळ होती बिल्डच्या एका मॅक्रो फाइलमध्ये. तीही गिटच्या, म्हणजे कोडचे बदल सगळ्यांसमोर नोंदवणाऱ्या, भांडारात नव्हती, फक्त प्रकाशित केलेल्या गठ्ठ्यात होती. जगभरचे हुशार लोक कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल म्हणत होते आणि मधल्या हजारो ओळी कोणी वाचत नव्हतं, कारण त्या वाचण्यासाठी नसतातच असा सगळ्यांचा समज. याच प्रकरणात आणखी एक बारीक गोष्ट निघाली. सीमेकच्या फाइलमध्ये संरक्षणाची एक सोय मशीनवर आहे का हे तपासणारा छोटा तुकडा होता, त्यात एका ओळीवर नुसता एक पूर्णविराम टाकलेला होता. त्या टिंबामुळे तपासणी नेहमी नापास व्हायची आणि संरक्षण गुपचूप बंद राहायचं. एक टिंब! तपासणी नापास झाली की ‘असेल जुनं मशीन’ म्हणून पुढे जायचं, हीच त्या पद्धतीची शिकवण असल्यामुळे कोणालाही संशय आला नाही.

साधेपणाला मी आता सोयीचा प्रश्न मानत नाही. जी गोष्ट दोन पानांत मावते ती कोणीतरी वाचतं. जी मावत नाही तिच्यात काय आहे हे तिच्या मालकालाही माहीत नसतं.

यावर समोरच्या बाजूने जे म्हणतात त्यातलं एक म्हणणं मला पटतं. पर्याय उगीच आलेले नसतात. डेबियनच्या माणसाला लायब्ररी वेगळ्या जागी ठेवायची असते, राउटर बनवणाऱ्याला अर्ध्या गोष्टी वगळायच्या असतात. बरोबर. लिनक्स कर्नलमध्ये दहा हजारांहून जास्त पर्याय आहेत आणि ते काढून टाका असं कोणी शहाणा म्हणणार नाही. पर्याय असावेत, ते पहिल्या भेटीत विचारू नयेत. आमच्या त्या छापखान्याच्या मालकांचंच घ्या. गिऱ्हाईक आलं की ते कागदाचा जीएसएम (वजन) विचारत नाहीत, फॉइल गरम की थंड विचारत नाहीत. अल्बम पुढ्यात ठेवतात आणि म्हणतात, नमुना नंबर सांगा. एखादा चोखंदळ जीएसएम विचारतो, त्याला सगळं सांगतात, आतून नमुनेही काढून दाखवतात. पण ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ छापून हवं असलेल्या शेतकऱ्याला त्यांनी कधी साठ प्रश्नांची यादी दिलेली नाही. दिली असती तर तो समोरच्या दुकानात गेला असता. सॉफ्टवेअरवाल्यांना समोरचं दुकान दिसत नाही एवढंच. गिऱ्हाईक न बोलता निघून जातं.

दुसरं म्हणणं, कंटेनर वापरा. सगळं आत बांधून ठेवलेलं, एका आज्ञेत चालू. चालतं खरं. पण ती म्हणजे सेटिंग केलेली मशीन कुलूप लावून ठेवण्यासारखी गोष्ट झाली. जॉब निघतो, शिकत कोणी नाही, आणि टूल तुटलं की पुन्हा पहिल्या पाळीच्या माणसाला फोन. शिवाय त्या कुलपाच्या आत तीच साठ पर्यायांची स्क्रिप्ट चालू असते. तिसरं, एआयला विचारा. पोरं विचारतातच. त्या खानापूरच्या मुलीनेही विचारलं, आणि तिला मिळालेलं उत्तर अर्धं सीमेकचं आणि अर्धं जुन्या स्क्रिप्टचं होतं. फोल्डरमध्ये तीन परस्परविरोधी कागद असल्यावर दुसरं काय होणार.

लोक बदलू शकतात याची उदाहरणं आहेत. लिनक्स सुरू करणाऱ्या सिस्टमडीने २०१७ मध्ये जुनी पद्धत सोडून मेसन ही नवी बिल्ड पद्धत धरली आणि जुनी काढूनही टाकली. हे काढून टाकणं महत्त्वाचं. पोस्टग्रेसने २०२३ च्या १६ व्या आवृत्तीत मेसन आणली, पण जुनी ठेवूनच. त्यांची कारणं असतील, पण आज तिथे दोन वाटा आहेत. पायथनवाल्यांनी २०१६ पासून हळूहळू सगळं पायप्रोजेक्ट टॉमल या एका फाइलीत आणलं, आणि २०२३ च्या ३.१२ मध्ये डिस्टयुटिल्स हे जुनं यंत्र काढलं. ओरड झाली. अजून होते. तरी आज पायथनचं नवं पॅकेज बघताना पहिली कुठली फाइल उघडायची हे मला विचारावं लागत नाही.

आता भाषेचं. बेळगावात बसून डॉक्युमेंटेशनबद्दल लिहायचं आणि भाषेबद्दल बोलायचं नाही, हे जमणार नाही. आमचं अर्धं आयुष्य कागद कुठल्या भाषेत यावरच जातं. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये येतो, तो वाचून घ्यायला म्हातारी माणसं शेजारच्या पोराला हाक मारतात. जिथे अल्पसंख्याक भाषकांचं प्रमाण किमान १५ टक्के आहे तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे तत्त्व कागदावर कित्येक दशकं आहे; परिपत्रकं मराठीत द्या म्हणून मोर्चे अजून निघतात. २०२४ च्या कायद्याने पाट्यांवर ६० टक्के कन्नड आलं. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात सीमाप्रश्नाचा दावा आहे. ज्या कागदावर आपला हक्क अवलंबून आहे तो आपल्याला न कळणं म्हणजे काय, हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

म्हणून माझे मित्र म्हणतात, रीडमी मराठीत करूया. हेतू उत्तम. पण मी त्यांना थांबवतो. तीन वाटांचं भाषांतर केलं की मराठीत तीन वाटा होतील, आणि सहा महिन्यांनी इंग्रजीतली एक बदलली की मराठीतली शिळी होईल. शिळा मराठी कागद हा कागद नसण्यापेक्षा वाईट, कारण माणूस आपल्या भाषेवर जास्त विश्वास टाकतो. आज्ञा तशाही मराठीत होणार नाहीत. भाषांतर करायचंच तर सगळ्यात शेवटी, बिल्ड एका वाटेवर आल्यावर, आणि तेही ‘का’ या भागाचं. आणि काही ‘का’ तर आधी मराठीतच लिहायला हवेत. वेलांटी आधी की ‘च’ आधी, हे शहापुरातला जुना कंपोझिटर जितकं नेमकं सांगेल तितकं त्या पॅकेजच्या परदेशी लेखकाला सात जन्मात सांगता येणार नाही. कन्नडची तशीच माहिती त्याच छापखान्यातल्या दुसऱ्या टेबलावर बसलेली होती. ती आम्ही दोन्ही टेबलांवरून लिहून घेतली आणि इंग्रजीतही केली. ती भर आहे, भाषांतर नव्हे.

हे काम करायचं कोणी, हा खरा सार्वजनिक प्रश्न. फुकट राबणाऱ्या देखभालकर्त्याला हुकूम सोडण्याचा अधिकार मला नाही. एक्सझेडच्या दमलेल्या माणसावर लोकांनी घाईसाठी दबाव टाकला होता, त्याचं काय झालं ते आपण पाहिलं. जर्मनीने २०२२ मध्ये सॉव्हरिन टेक फंड काढला, सरकारी पैशातून अशा पायाभूत पॅकेजांच्या देखभालीसाठी. आपल्याकडे एवढं मागण्याआधी एक स्वस्त गोष्ट आहे. राज्याच्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय या शहरात आहे, आजूबाजूला इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, आणि दरवर्षी शेवटच्या वर्षाचे प्रकल्प होतात. त्यातले बरेचसे हजेरी, ग्रंथालय नाहीतर कँटीनची नवी मॅनेजमेंट सिस्टम असतात. व्हायवा झाला की कायमच्या झोपतात. त्याऐवजी एखाद्या चालू पॅकेजमधल्या चारशे ओळी काढून तीस ओळी ठेवणं, आणि त्या तिशीवर अनोळखी मशीनवर बिल्ड करून दाखवणं, हा प्रकल्प का नाही? परीक्षक विचारतील, ‘यात तुम्ही बनवलं काय?’ काही नाही बनवलं, कमी केलं. मार्कांच्या तक्त्यात त्याला रकाना नाही. तो रकाना यायला हवा, आणि तो आणायला बेंगळुरूहून निधी यावा लागत नाही.

आमच्या पॅकेजचं काय झालं ते सांगतो. पोरांनी लेखकाला पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवला. हाताने लिहिलेली मेकफाइल काढली, कॉन्फिगर काढलं, सीमेक ठेवलं, साठातले पाच पर्याय ठेवले, आणि आयसीयू नसेल तर नुसतं ‘नाही’ न म्हणता कुठलं डेव्ह पॅकेज बसवायचं ते छापणारी ओळ घातली. लेखकाने तीन आठवड्यांनी उत्तर दिलं. मेकफाइल जाऊ द्या म्हणाला, कॉन्फिगरला मात्र एक वर्ष द्या, सोलारिस या जुन्या युनिक्सवरचा एक जण वापरतो. पुन्हा तो डझनभरांचा सज्जनपणा. आम्ही वाद घातला नाही. रीडमीत पहिल्याच ओळीत ‘सीमेक वापरा’ आलं, कॉन्फिगर तळाशी गेलं.

त्यानंतर त्या मुलीने एक केलं जे मला सुचलं नव्हतं. नंदगडच्या आपल्या मावसभावाला बोलावलं, बी.कॉम.ला आहे, लिनक्स कधी पाहिलेलं नाही. त्याला लॅपटॉपपुढे बसवलं, नवीन रीडमी उघडून दिली आणि स्वतः मागे वही घेऊन बसली, तोंड उघडायचं नाही अशी अट घालून. तो दुसऱ्या ओळीवर अडला. ‘टर्मिनलमध्ये खालील आज्ञा द्या’ असं लिहिलं होतं. त्याने मागे वळून विचारलं, “अक्का, टर्मिनल म्हणजे कुठं?” तिने उत्तर दिलं नाही, वहीत लिहून घेतलं.